जहाजाचे पूर्वकर्म

एखाद्या जड वस्तूचा उपयोग करून मनुष्याने केलेले दुष्कृत्य त्या वस्तूला चिकटून राहते काय, आणि राहत असेल तर नाव बदलल्याने, धनी बदलल्याने किंवा नुसता काळ लोटल्याने ते धुऊन निघते काय, हा प्रश्न आपल्या धर्मशास्त्रकारांनी भांडी, वस्त्रे, धान्य आणि घरे यांच्या संबंधात बारकाईने चर्चिला आहे. त्याच प्रश्नाचे एक फार मोठे आणि डोळ्यांत भरणारे उदाहरण गेली ऐंशीहून अधिक वर्षे जगाच्या समुद्रांवर शिडे उभारून हिंडत आहे, आणि त्याचे आजचे नाव ‘साग्रेश’ असे आहे. पोर्तुगालच्या आरमाराचे हे तीन डोलकाठ्यांचे शिक्षणजहाज. त्याच्या शुभ्र शिडांवर ख्रिस्तसंघाचा तांबडा क्रूस रंगविलेला असतो आणि नाळेवर पोर्तुगालचा ‘नाविक’ राजपुत्र हेन्री याची मूर्ती बसविलेली आहे. पोर्तुगीज दर्यावर्दीपणाचे याहून अधिक अस्सल प्रतीक शोधूनही सापडणार नाही, असे ते पाहणाऱ्यास वाटावे. आणि तरीही त्याचा पोलादी सांगाडा ना पोर्तुगालात घडला, ना पोर्तुगालासाठी घडला.

या जहाजाच्या जन्माचे मूळ कारण एका अपघातात आहे. २६ जुलै १९३२ रोजी बाल्टिक समुद्रात, फेमार्न बेटाजवळ, जर्मन आरमाराचे ‘निओबे’ हे शिक्षणजहाज अकस्मात आलेल्या वाऱ्याच्या झोतात कलंडले आणि पाहता पाहता तळाशी गेले. ६९ जण बुडाले. त्यांत पुष्कळसे आरमारात नुकतेच दाखल झालेले उमेदवार होते. जर्मनीत हळहळ झाली, लोकवर्गणी जमली, आणि हाम्बुर्गच्या ब्लोम आणि फॉस या गोदीला असे एक जहाज बांधण्याची आज्ञा झाली की जे वाऱ्याने पार आडवे झाले तरी पुन्हा उठून उभे राहील. गोदीतील कारागिरांनी तळाशी भरपूर नीरम, म्हणजे तोल सांभाळणारे वजन, घालून ते सिद्ध केले, आणि ३ मे १९३३ रोजी ‘गोर्ख फॉक’ पाण्यात उतरले. युटलंडच्या आरमारी लढाईत १९१६ साली मारल्या गेलेल्या, सागरी जीवनावर लिहिणाऱ्या एका लेखकाचे ते टोपणनाव होते. मृतांविषयीच्या शोकातून आणि जिवंतांच्या रक्षणाच्या इच्छेतून निर्माण झालेला हा नौकेचा आराखडा माझ्या मते त्या दशकातील जर्मनीच्या मोजक्या निष्पाप निर्मितींपैकी एक होता.

परंतु दरम्यान, त्याच वर्षाच्या जानेवारीत, हिटलर जर्मनीचा प्रधानमंत्री झालेला होता. त्याच आराखड्यावर पुढे जर्मन आरमारासाठी बांधलेल्या जहाजांना जी नावे मिळाली ती पक्षाच्या दफ्तरातून आली. १९३६ साली ‘होर्स्ट वेसेल’ उतरले. हा हिटलरच्या दंडेलांच्या पथकातला तरुण, १९३० साली मारला गेलेला आणि मरणोत्तर पक्षाचा हुतात्मा ठरविलेला. ३० ऑक्टोबर १९३७ रोजी ‘आल्बर्ट लिओ श्लागेटर’ उतरले. रूहर प्रांत फ्रेंचांच्या ताब्यात असताना घातपात केल्याबद्दल त्यांनी १९२३ साली गोळी घातलेला हा सैनिक, आणि त्याचेही देव्हारे नाझी पक्षाने माजविलेले. आज ‘साग्रेश’ म्हणून जे ओळखले जाते ते हेच तिसरे जहाज होय.

‘होर्स्ट वेसेल’च्या जलावतरणाच्या वेळचे एक छायाचित्र जगभर प्रसिद्ध आहे. गोदीतील कामगारांची दाटी झालेली, सर्वांचे उजवे हात नाझी सलामीसाठी पुढे ताणलेले, आणि त्या हातांच्या रानात एक मनुष्य मात्र दोन्ही हातांची घडी छातीवर घालून, कपाळाला आठ्या घालून स्वस्थ उभा आहे. तो नेमका कोण याविषयी एकाहून अधिक कुटुंबांनी हक्क सांगितलेला आहे, आणि तो वाद येथे मिटविण्याचे कारण नाही. माझे लक्ष वेधले जाते ते याकडे, की जहाज बांधणाऱ्या हातांत तेही दोन हात होते. खिळे ठोकणाऱ्यांपैकी एकाच्या मनात भक्ती होती, दुसऱ्याच्या मनात भीती होती आणि तिसऱ्याच्या मनात तिरस्कार होता. पोलादाच्या पत्र्याने यांपैकी नेमके काय ग्रहण केले? पापाचे बीज वस्तूत उतरते असे जो म्हणेल त्याला हेही मान्य करावे लागेल की त्या घडी घातलेल्या हातांचे पुण्यही तितकेच उतरले, आणि मग त्या दोहोंचा हिशेब मांडणे कोणत्याही कारकुनाच्या आवाक्याबाहेरचे होईल.

युद्धात ‘श्लागेटर’ बाल्टिकमध्येच वावरले. नोव्हेंबर १९४४ मध्ये त्याला पाणसुरुंग लागला आणि ते ओढून बंदरात न्यावे लागले. युद्ध संपल्यावर विजेत्यांनी या भावंडांची वाटणी केली. मूळ ‘गोर्ख फॉक’ जर्मनांनी स्वतःच श्ट्रालझुंडजवळ बुडविले होते. रशियनांनी ते वर काढले, दुरुस्त केले आणि ‘तोवारिश्च’ नावाने कित्येक दशके चालविले. ‘होर्स्ट वेसेल’ अमेरिकेच्या तटरक्षक दलाकडे गेले आणि १९४६ साली ‘ईगल’ झाले. अटलांटिक ओलांडताना त्यावर अमेरिकन खलाशांच्या बरोबरीने पूर्वीचे जर्मन खलाशीही होते, कारण त्या दोरांच्या जाळ्याचा उलगडा त्यांच्याशिवाय कोणास होईना, आणि वर्षापूर्वी एकमेकांचे वैरी असलेल्या त्या माणसांनी वाटेत एक चक्रीवादळ एकत्र सोसले. ‘श्लागेटर’ अमेरिकनांनी नाममात्र मोबदल्यात १९४८ साली ब्राझीलला दिले. तेथे ते ‘ग्वानाबारा’ झाले. पुढे १९६१ साली पोर्तुगालने ते ब्राझीलकडून विकत घेतले.

येथे एक विलक्षण देवघेव घडली. पोर्तुगालजवळ ‘साग्रेश’ नावाचे एक शिक्षणजहाज आधीपासूनच होते. तेही जन्माने जर्मनच; १८९६ साली ब्रेमरहाफनला ‘रिकमेर रिकमेर्स’ या नावाने बांधलेले व्यापारी तारू, जे पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, पोर्तुगालने अझोर बेटांवरील बंदरात जप्त केले होते. नवे जहाज आल्यावर ‘साग्रेश’ हे नाव जुन्याच्या अंगावरून काढून नव्याच्या अंगावर घालण्यात आले; आणि जुने तारू अखेर १९८३ साली हाम्बुर्गला परत जाऊन, आपले पहिले नाव पुन्हा धारण करून, वस्तुसंग्रहालय होऊन बसले. नाव एका देहातून दुसऱ्या देहात गेले, आणि देह एका नावातून दुसऱ्या नावात गेले. नाम आणि रूप ही दोन निराळी सूत्रे आहेत, ती काही काळ एकत्र विणली जातात आणि पुन्हा उसवली जातात, हे जे बौद्ध आचार्य सांगत होते ते येथे खरेदीखतांच्या आणि हुकूमनाम्यांच्या कोरड्या भाषेत नोंदलेले सापडते.

तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत जहाजाचे उदाहरण निघाले की थीसियसच्या जहाजाचे नाव निघतेच. अथेन्सच्या लोकांनी आपल्या त्या पुराणपुरुषाची नौका शतकानुशतके जतन केली. कुजलेल्या फळ्या काढून नव्या बसविल्या, आणि सर्व फळ्या बदलल्यावर ती तीच नौका राहिली काय, असा वाद तेथील तत्त्वज्ञांत माजला, असे प्लुटार्क सांगतो. आपल्याकडे नैयायिकांनी हाच पेच वस्त्राच्या दृष्टान्ताने सोडविला: वस्त्रातून एक धागा काढला की पूर्वीचे वस्त्र नष्ट होते व एक नवे ‘खंडपट’ उत्पन्न होते, आणि ‘हे तेच वस्त्र’ अशी जी ओळख आपल्याला पटते ती केवळ सादृश्यावर उभी असते. बौद्ध भिक्षू नागसेनाने राजा मिलिंदाला विचारलेला रथाचा प्रश्न तर सर्वश्रुत आहे. चाक, आस, जू यांपैकी रथ कोणता? एकही नव्हे, रथ हा नुसता व्यवहाराचा शब्द आहे.

ही सर्व चर्चा मार्मिक आहे. पण ‘साग्रेश’समोर उभे राहिले असता ती मला अपुरी वाटते. ते जहाज तेच आहे की नाही, याविषयी कुणालाच खरी शंका नाही. तोच सांगाडा, त्याच डोलकाठ्या, हाम्बुर्गच्या त्याच गोदीची निर्मिती. बोचणारा प्रश्न एकत्वाचा नसून उत्तरदायित्वाचा आहे. आणि त्या बाबतीत नागसेनाचा रथापेक्षा कमी प्रसिद्ध असा दुसरा दृष्टान्त अधिक उपयोगी पडतो. एका मनुष्याने दुसऱ्याच्या झाडाचे आंबे चोरले आणि राजापुढे आणल्यावर तो म्हणू लागला की याने जमिनीत पुरले ती कोय निराळी आणि मी तोडले ते आंबे निराळे, तेव्हा मी याचे काही चोरलेच नाही. नागसेन म्हणतो, तो मनुष्य दंडास पात्रच आहे. कारण हे आंबे त्या कोयीतून परंपरेने आलेले आहेत. नामरूप बदलले म्हणून कर्माचे बंधन तुटत नाही. परंपरा अखंड असली की ऋणही अखंड असते. मात्र हे लक्षात ठेवले पाहिजे, की ज्या परंपरेविषयी नागसेन बोलतो ती कर्त्याची, चेतनेची परंपरा आहे. आंब्याला दंड करा असे तो कोठेही म्हणत नाही.

युरोपात मात्र आंब्यालाच दंड करण्याची चाल खरोखर होती. ज्या अथेन्सने थीसियसची नौका पवित्र मानून तिच्या फळ्या जपल्या, आणि ती यात्रेसाठी डेलोस बेटाकडे गेलेली असता नगरात कोणासही देहान्त शिक्षा द्यायची नाही असा नियम पाळला (सॉक्रेटिसाला विषाचा प्याला मिळण्यास काही दिवस लागले ते यामुळेच), त्याच अथेन्समध्ये एखादा दगड वा लाकूड अंगावर पडून माणूस मेला तर त्या दगडावर वा लाकडावर रीतसर खटला चालवून ते सीमेपार टाकून देत. इंग्लंडात माणसाच्या मृत्यूस कारण झालेली गाडी, बैल किंवा चाक सरकारजमा होई, आणि ही पद्धत १८४६ पर्यंत, आगगाड्यांची इंजिने जप्तीच्या टप्प्यात येऊ लागेपर्यंत टिकली. हे आज बालिश वाटते. तथापि, त्यामागे जी भावना होती, की घडलेल्या अनर्थाची कोठेतरी जाहीर नोंद झालीच पाहिजे, नुसते पुढे चालू लागणे हा मृताचा अपमान आहे, ती भावना मला मुळीच बालिश वाटत नाही.

आपल्या शास्त्रकारांनी येथे एक महत्त्वाचा विवेक केला. त्यांनी वस्तूला अशुद्धी येते असे मानले, परंतु पाप लागते असे मानले नाही. द्रव्यशुद्धीची प्रकरणे वाचावीत. धातूचे पात्र राखेने, पाण्याने किंवा अग्नीने शुद्ध होते, मातीचे पुन्हा भाजून, वस्त्र धुऊन. पाप मात्र संकल्प करणाऱ्याचे, आणि त्याला राख चोळून भागत नाही. त्याला प्रायश्चित्त लागते. कॅथलिक पंथातही काहीसा असाच भेद आहे: चर्चच्या वास्तूत घोर कृत्य घडले तर ती वास्तू विधिपूर्वक पुन्हा शुद्ध करतात, पण कृत्याचा दोष वास्तूच्या भिंतींकडे कुणी मागत नाही. या विवेकाचा आपल्याच समाजाने जो भीषण विपर्यास केला तो मात्र सांगितल्यावाचून पुढे जाणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. जी अशुद्धी भांड्यापुरती, आणि तीही क्षणापुरती, मानायची, ती आपण जित्याजागत्या माणसांवर जन्मभराकरिता लादली, तिला विटाळ हे नाव दिले, आणि ज्यांनी कसलाही दुष्ट संकल्प केला नव्हता त्यांच्याकडून पिढ्यान्‌पिढ्या प्रायश्चित्त वसूल केले. म्हणून ‘वस्तूचा दोष’ या कल्पनेकडे मराठी मनुष्याने विशेष सावधपणे पाहिले पाहिजे.

वैशेषिकांचे एक वर्गीकरण या ठिकाणी मला फार मोलाचे वाटते. संस्कार नावाचा जो गुण ते मानतात त्याचे ते तीन प्रकार करतात: वेग, स्थितिस्थापक आणि भावना. वेग आणि स्थितिस्थापक हे जड द्रव्यांत राहू शकतात; वाकविलेली फांदी सोडताच पूर्वस्थितीला येते ती दुसऱ्याच्या बळावर. परंतु भावना, म्हणजे अनुभवाचा मागे राहणारा ठसा आणि पुढच्या स्मरणाचे कारण, ही केवळ आत्म्याच्या ठिकाणी राहते. शिडाच्या जहाजाला हे तंतोतंत लागू पडते. त्याच्या सांगाड्याच्या अंगी वेग आहे, ताणलेल्या दोरात आणि वाऱ्याने किंचित वाकणाऱ्या डोलकाठीत स्थितिस्थापक आहे, आणि ‘निओबे’च्या अनुभवावरून शिकून कलंडल्यावर उठण्याचे जे सामर्थ्य त्याच्या बांधणीतच घातले गेले तेही त्याच्यापाशी आहे. स्मृती तेवढी त्याच्यापाशी नाही. हिटलरच्या राजवटीत आपण काय होतो हे त्या पोलादाला आठवत नाही. ते आठवण्याचे काम सर्वस्वी माणसांवर आहे.

आणि हे काम अशा जहाजावरच विशेष तीव्रतेने येऊन पडते, कारण शिक्षणजहाज हे संस्कार करण्याचेच साधन आहे. इंजिनांच्या आणि क्षेपणास्त्रांच्या युगात एखादे राष्ट्र शिडाचे जहाज बाळगते ते मालवाहतुकीसाठी नाही की लढाईसाठी नाही. विशीतले तरुण दोरांच्या शिडीवरून डोलकाठी चढतात. वरच्या आडव्या वाशाखाली ताणलेल्या एका दोरावर पाय टेकून, पोटाने वाशावर रेलून, शेजारच्याच्या हालचालीबरोबर तो दोर पायाखाली हलतो आहे हे सोशीत, फडफडणारे जाडजूड कापड मुठी मुठीने वर ओढून बांधतात. एक हात जहाजासाठी आणि एक हात स्वतःसाठी, असे खलाशी म्हणतात. या भावंड जहाजांवर सुकाणूसाठी एकाच आसावर तीन मोठी चाके बसविलेली आहेत. खवळलेल्या समुद्रात एकट्याच्या बळाने सुकाणू धरवत नाही, म्हणून कित्येक जणांनी एका लयीत ती फिरवावयाची. शेजारच्यावर विसंबणे, वाऱ्यापुढे नम्र होणे, आणि तरीही आपला मार्ग न सोडणे, ही शिकवण तेथे शब्दांविना मिळते. तिची योग्यता मी फार मोठी मानतो. ज्याच्या मनावर असा खोल ठसा उमटवावयाचा, त्याला तो ठसा उमटविणाऱ्या साधनाचा इतिहास न सांगणे हे मला शिक्षणातले मोठे व्यंग वाटते.

हे अधिक स्पष्ट व्हावे म्हणून दुसऱ्या एका शिक्षणजहाजाकडे वळतो. चिलीच्या आरमाराचे ‘एस्मेराल्दा’ हे चार डोलकाठ्यांचे, शुभ्र आणि अत्यंत देखणे जहाज स्पेनमधील कादिझच्या गोदीत बांधले गेले व १९५४ साली चिलीला मिळाले. इकिकेच्या लढाईत १८७९ साली निशाण न उतरविता बुडालेल्या एका वीरनौकेचे नाव त्याला दिलेले आहे. म्हणजे नाव निर्मळ, जन्म निर्मळ, धनी एकच. परंतु सप्टेंबर १९७३ मध्ये चिलीत लष्कराने सत्ता बळकावल्यावर वाल्पाराइसो बंदरात याच जहाजाचा उपयोग बंदिवान कोंडण्यासाठी आणि त्यांचा छळ करण्यासाठी झाला. सत्यशोधनासाठी नेमलेल्या आयोगाच्या १९९१ च्या अहवालात त्याची नोंद आहे. मायकेल वुडवर्ड नावाचे एक धर्मगुरू, गरीब वस्तीत राहून मजुरांबरोबर काम करणारे, त्या दिवसांत या जहाजावर नेले गेले आणि झालेल्या छळाने मरण पावले. पुढे कित्येक वर्षे ‘एस्मेराल्दा’ ज्या ज्या परदेशी बंदरात शिरे त्या बंदराच्या धक्क्यावर निषेध करणारे लोक उभे राहत.

‘श्लागेटर’ आणि ‘एस्मेराल्दा’ यांची तुलना करून पाहिली म्हणजे नागसेनाच्या आंब्यांचा खरा अर्थ उलगडतो. ‘श्लागेटर’चा सांगाडा पुढे गेला, परंतु ज्यांनी त्याला ते नाव दिले त्यांच्या कर्माची परंपरा जर्मनीतच राहिली, आणि तिचा जाब जर्मनीनेच द्यावयाचा होता. नव्या जर्मन आरमाराने १९५८ साली त्याच आराखड्यावर जहाज बांधले तेव्हा त्याला ‘गोर्ख फॉक’ हे पहिले नाव दिले, पक्षाच्या दफ्तरातली नावे पुन्हा घेतली नाहीत, हा त्या जाबाचाच एक लहानसा भाग मानता येईल. ‘एस्मेराल्दा’च्या बाबतीत मात्र वस्तूची परंपरा आणि कर्त्याची परंपरा तुटली नाही, जहाज तेच, नाव तेच, आरमार तेच. म्हणून त्याच्यापुढे उभे राहणारे निदर्शक जहाजाला शासन करा असे म्हणत नव्हते. जे घडले ते त्या जहाजाच्या धन्याने स्वतःच्या तोंडाने बोलावे, एवढेच ते मागत होते. मनूने पापमुक्तीची जी साधने सांगितली त्यांत ख्यापन, म्हणजे आपले कृत्य उघडपणे सांगणे, हे तपाच्याही आधी घातले आहे. त्या क्रमात फार मोठे शहाणपण आहे असे मला वाटते. ज्याने सांगितलेच नाही त्याचा पश्चात्ताप कोणत्या कृत्याविषयी आहे हे कोण जाणणार?

आता ‘साग्रेश’ आणि आपला संबंध. पोर्तुगालने हे जहाज विकत घेतले त्याच वर्षाच्या अखेरीस, १९ डिसेंबर १९६१ रोजी, गोवा मुक्त झाला. पोर्तुगालच्या अंमलाखालील गोव्याची चाकरी या जहाजाने एक दिवसही केली नाही. असे असून, २०१० साली जगप्रदक्षिणेवर असताना ते नोव्हेंबर महिन्यात गोव्यास आले तेव्हा गोव्यातील स्वातंत्र्यसैनिकांनी त्याला विरोध केला. १५१० सालच्या नोव्हेंबरातच आफोंसो द अल्बुकर्कने गोवा जिंकला होता आणि त्या घटनेला तेव्हा पाच शतके भरत होती. ज्या जहाजाने काहीच केले नाही त्याच्याविरुद्ध घोषणा कशाला, असा प्रश्न कुणी केला असता तर तो वरवर सयुक्तिकच दिसला असता. वस्तूला पाप लागत नाही असे प्रतिपादन करून आलेल्या मला तर त्या प्रश्नाला होकारच द्यावा लागेल असे कुणी म्हणेल.

मला तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण शिडांच्या कापडात आहे. पोलादाचा सांगाडा ऐंशीहून अधिक वर्षांचा आहे. शिडे तितकी टिकत नाहीत. ऊन, खारा वारा आणि घर्षण यांनी ती विरतात, फाटतात, आणि त्यांच्या जागी नवी शिवावी लागतात. म्हणजे जहाजाचा जो भाग सर्वांत जुना आहे त्यावर कुणाचाही आजचा संकल्प नाही, आणि जो भाग सर्वांत नवा आहे त्यावर तो क्रूस दर वेळी पुन्हा, जाणूनबुजून, जिवंत माणसांच्या आज्ञेने रंगविला जातो. ख्रिस्तसंघ हा १३१९ साली पोर्तुगालच्या राजाने स्थापिला. त्याच संघाचा क्रूस शिडांवर मिरवीत त्या देशाची जहाजे आपल्या किनाऱ्यावर आली, त्याच निशाणाखाली आपल्या समुद्रात दुसऱ्यांच्या गलबतांना परवाना घ्यायला लावून, परवाना नसलेली गलबते जप्त करण्याचा अधिकार त्यांनी सांगितला, आणि त्याच सत्तेच्या आश्रयाने १५६० पासून १८१२ पर्यंत, मध्यंतरीचा थोडा काळ सोडता, गोव्यात धर्मन्यायासन चालले. क्रूस स्वतः कुणाचा शत्रू नाही. गोव्यातील आणि वसईतील लक्षावधी भाविकांच्या घरी तो प्रेमाने पुजला जातो, आणि त्या भाविकांचेही पूर्वज त्या न्यायासनाच्या दहशतीखाली राहिले. गोव्यातील विरोध माझ्या समजुतीप्रमाणे क्रूसाला नव्हता आणि जर्मन पोलादाला तर नव्हताच. जे चिन्ह दर शिडाबरोबर नव्याने निवडले जाते, त्या निवडीमागील मौनाला तो विरोध होता.

याच गोव्यात वस्तू आणि संकल्प यांचा संबंध उलट दिशेनेही पाहावयास मिळतो. वास्को द गामा शहरातील जी गोदी आज गोवा शिपयार्ड म्हणून ओळखली जाते तिची स्थापना पोर्तुगीज अमलातच, १९५७ साली झाली. मुक्तीनंतर ती विटाळली असे कुणी म्हटले नाही, ती पाडा असेही कुणी म्हटले नाही. तेथे आपल्या आरमारासाठी जहाजे बांधली जाऊ लागली, आणि तेथेच भारताचे पहिले आरमारी शिडाचे शिक्षणजहाज, इंग्रज आराखडाकार कॉलिन मडी यांच्या रेखनावरून, घडले. ते नोव्हेंबर १९९७ मध्ये ‘तरंगिणी’ या नावाने आरमारात दाखल झाले, आणि २००३–०४ मध्ये त्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. पुढे त्याच गोदीत त्याचे भावंड ‘सुदर्शिनी’ही तयार झाले. गोदीचा धक्का कुणाच्या राजवटीत बांधला गेला हे त्या धक्क्याला माहीत नव्हते. त्यावर उभे राहून काय घडवावयाचे ते नव्या धन्याने ठरविले.

अलीकडे एक गोष्ट घडली, जिने मला या सर्व विचारात थोडा आधार दिला. २०२२ साली पोर्तुगालचे पंतप्रधान आंतोनियो कोश्ता यांनी मोझांबिकमध्ये जाऊन, १९७२ साली तेथील विरियामू गावात पोर्तुगीज सैन्याने केलेल्या कत्तलीबद्दल क्षमा मागितली. कोश्ता यांचे पितृकुल गोव्याचे. ज्या मातीवर त्या सत्तेने साडेचारशे वर्षे अंमल केला त्या मातीशी नाते सांगणाऱ्याच्या मुखाने त्या सत्तेच्या उत्तराधिकाऱ्यांची ही कबुली दिली जावी, यात मला एक गंभीर औचित्य दिसते. ती कत्तल करणारे सैनिक आणि क्षमा मागणारे पंतप्रधान एक नव्हेत, जशी कोय आणि आंबा एक नव्हेत. पण परंपरा अखंड आहे हे त्यांनी ओळखले आणि जगासमोर उच्चारले.

म्हणून ‘साग्रेश’ने क्रूस पुसावा असे मी म्हणणार नाही; तो ज्यांचा आहे त्यांनी तो ठेवावा की काढावा हे ठरवावे. लिस्बनला त्या जहाजासाठी पुढची शिडे जेव्हा बेतली जातील, तेव्हा ती ज्यांना उंच वाशांवर चढून बांधावयाची आहेत त्या तरुणांना आधी तीनही नावे सांगितली जावीत; ‘निओबे’वरच्या ६९ जणांविषयी, गोदीतल्या त्या हातांची घडी घातलेल्या कामगाराविषयी सांगितले जावे, आणि राजपुत्र हेन्रीच्या पराक्रमाच्या जोडीनेच १५१० साली मांडवीच्या काठी काय झाले तेही सांगितले जावे. एवढे कानांवर पडल्यानंतर रंगाचे भांडे हाती घ्यावयाचे की नाही, हा त्यांचा स्वतःचा संकल्प असेल.